एसएसटी रेकॉर्ड्‌स

एसएसटी रेकॉर्ड्‌स : अमेरिकेतील एक स्वतंत्र ध्वनिमुद्रिका-संस्था. कॅलिफोर्निया राज्यात लॉस अँजेल्सच्या दक्षिणेस सागरकिनारी वसलेल्या हर्मोसा बीच या नगरात ग्रेग गिन (१९५४ – ) या गिटारवादकाने ती १९७८ मध्ये स्थापन केली. आपल्या ‘ब्लॅक फ्लॅग’ या वाद्यवृंदाची एक छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच प्रकाशित करणे, एवढाच तिचा आरंभीचा हेतू होता. तथापि १९८० ते १९९० या दशकात उग्र, जड ध्वनीचे व प्रयोगशील रॉक संगीत प्रकाशित करणारी अमेरिकेतील सर्वांत प्रभावी स्वतंत्र संस्था म्हणून तिला मान्यता मिळाली. वादकांनीच आपल्या संगीताचे मुद्रण, प्रकाशन व विक्री करावी, ही कल्पना तिने व्यवहारात उतरवून दाखविली. पण पुढे त्याच वादकांशी तिचे न्यायालयीन तंटे झाले. त्यामुळे कलेची मालकी व कलावंताचे स्वातंत्र्य यांच्या परस्परसंबंधांच्या दृष्टीने तिचा इतिहास उद्बोधक ठरतो.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांचा व्यापार मुख्यत्वे सहा मोठ्या उद्योगसमूहांच्या हाती एकवटला होता. ध्वनिमुद्रणगृहे, तबकड्यांचे कारखाने, वितरणाची साखळी आणि नभोवाणी केंद्रांशी असलेले संबंध यांपैकी बहुतेक सर्व गोष्टी या समूहांच्या नियंत्रणाखाली होत्या. कलावंताला मुद्रणासाठी अग्रिम रक्कम दिली जाई. ती विक्रीतून वसूल होईपर्यंत त्याला स्वामित्वधन मिळत नसे आणि मूळ ध्वनिफितीवरील हक्क सामान्यतः कंपनीकडे राहत. ज्या संगीताला मोठ्या प्रमाणावर ग्राहक मिळण्याची खात्री नसे, त्याला या व्यवस्थेत जागा नव्हती.

१९७५ नंतर न्यूयॉर्क व लंडन येथे पंक रॉकचा उदय झाला. साधी रचना, द्रुत लय व हौशी वादकांना मुक्तद्वार ही त्याची वैशिष्ट्ये होती. लॉस अँजेल्सच्या उपनगरांतून या प्रवाहाला अधिक आक्रमक रूप आले व ते पुढे ‘हार्डकोअर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या संगीताकडे मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरविल्यामुळे त्याच्या वादकांपुढे दोनच मार्ग उरले : गप्प राहणे किंवा स्वतः प्रकाशक होणे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील ‘ऑल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स’ (१९७९) व वॉशिंग्टन येथील ‘डिस्कॉर्ड’ (१९८०) या वादकांनीच काढलेल्या संस्थांचा जन्म याच परिस्थितीतून झाला.

स्थापना : एसएसटी हे नाव संगीतापेक्षा जुने आहे. गिन हा बालपणापासून हौशी रेडिओचा छांदिष्ट होता. १९६६ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने ‘सॉलिड स्टेट ट्यूनर्स’ (काहींच्या मते ‘ट्रान्समिटर्स’) या नावाने एक छोटा धंदा सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली रेडिओ-सामग्री दुरुस्त करून व तीत फेरफार करून तो ती टपालाने विकत असे. पुढे त्याने लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. टपालाने माल विकण्याची सवय, यंत्रांची जाण आणि खर्चाचा काटेकोर हिशोब ही त्याची तिहेरी पुंजी पुढे ध्वनिमुद्रिका-व्यवसायात उपयोगी पडली.

१९७६ मध्ये गिन व गायक कीथ मॉरिस यांनी ‘पॅनिक’ नावाचा वाद्यवृंद उभारला. १९७८ मध्ये त्याचे नाव ‘ब्लॅक फ्लॅग’ असे झाले. हे नाव आणि चार काळ्या उभ्या पट्ट्यांचे सुप्रसिद्ध बोधचिन्ह गिनचा धाकटा भाऊ रेमंड पेटिबन या चित्रकाराने सुचविले. वाद्यवृंदाने जानेवारी १९७८ मध्ये काही गीते मुद्रित केली. ‘बॉम्प’ या छोट्या संस्थेमार्फत ती प्रकाशित व्हावयाची होती. परंतु दिरंगाई होत गेल्याने गिनने दूरध्वनी-पुस्तिकेतून तबकड्यांचा कारखाना शोधून काढला व स्वतःच प्रकाशनाची जबाबदारी घेतली. अशा रीतीने ‘नर्व्हस ब्रेकडाउन’ ही सुमारे पाच मिनिटांची, चार गीतांची छोटी तबकडी जानेवारी १९७९ मध्ये बाहेर पडली. एसएसटीच्या सूचीतील ही पहिली ध्वनिमुद्रिका होय.

दुसरा क्रमांक सॅन पेड्रो या बंदर-नगरातील ‘मिनिटमेन’ या त्रयीच्या ‘पॅरानॉइड टाइम’ (१९८०) या तबकडीचा होता. तिच्यात सात मिनिटांपेक्षाही कमी अवधीत सात गीते सामावलेली आहेत. येथून पुढे एसएसटी ही केवळ एका वाद्यवृंदाची सोय न राहता एक प्रकाशन-संस्था झाली. बेस गिटारवादक चक डुकोव्हस्की हा तिचा सहमालक बनला व कार्यक्रम ठरविण्याचे काम त्याने अंगावर घेतले. वितरणाचा अनुभव असलेला जो कार्डुची १९८१ मध्ये संस्थेत आला. १९८६ पर्यंत तिच्या व्यवहाराची बरीचशी धुरा त्याने वाहिली.

कार्यपद्धती : संस्थेची कार्यपद्धती काटकसरीवर आधारलेली होती. कार्यालय, वाद्यवृंदाच्या सरावाची जागा व अनेकदा झोपण्याची जागाही एकच असे. ध्वनिमुद्रणगृहांचे दर ज्या वेळी कमी असत, अशा रात्रीच्या प्रहरी मुद्रण केले जाई. मिनिटमेन वाद्यवृंद मध्यरात्रीनंतर व पूर्वी वापरलेल्या फितीवर मुद्रण करी. गीतांचा क्रम आधीच ठरवून त्याच क्रमाने ती वाजविल्याने संपादनाचा खर्चही वाचे. ‘इकॉनॉमिकल’ या शब्दापासून या वादकांनी ‘इकॉनो’ असा आपला खास शब्द घडविला व तो त्यांच्या जीवनपद्धतीचेच नाव बनला.

संस्थेच्या आरंभीच्या बहुतेक मुद्रणांची तांत्रिक बाजू स्पॉट या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्लेन लॉकेट (१९५१–२०२३) या ध्वनियोजकाने सांभाळली. हर्मोसा बीच येथील मीडिया आर्ट या मुद्रणगृहात तो काम करीत असे. वादकांनी एकत्र उभे राहून वाजवावे आणि यंत्राने ते जसेच्या तसे टिपावे, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे या मुद्रिकांचा ध्वनी खडबडीत असला, तरी प्रत्यक्ष मैफलीचा जोम त्यांत उतरला. वेष्टनांवरील व भित्तिपत्रकांवरील पेटिबनच्या काळ्या शाईतील रेखाचित्रांनी संस्थेला एक दृश्य ओळख दिली. त्याची बोचक व कधीकधी भयावह वाटणारी ही चित्रे पुढे कलासंग्रहालयांतही स्थान मिळवून बसली.

जाहिरातीसाठी पैसा नव्हता. म्हणून दौरा हेच जाहिरातीचे प्रमुख साधन ठरले. ब्लॅक फ्लॅगने लहानशा मोटारगाडीतून वाद्ये व ध्वनिवर्धक घेऊन अमेरिकेचे व कॅनडाचे वारंवार दौरे केले. ज्या गावी पूर्वी असे कार्यक्रम झाले नव्हते, तेथे लहान सभागृहे, उपाहारगृहे व तळघरे शोधून त्यांनी मैफली केल्या. या प्रवासातून स्थानिक संयोजक, पुस्तकी तबकड्यांची दुकाने, महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे व चाहत्यांची हस्तमुद्रित पत्रे यांचे एक जाळे विणले गेले. पुढील काळातील शेकडो वाद्यवृंदांनी त्याच वाटांनी प्रवास केला. मात्र लॉस अँजेल्स परिसरातील मैफलींत पोलिसांशी वारंवार खटके उडत. त्यामुळे संस्थेला आपले बिऱ्हाडही अनेकदा हलवावे लागले.

युनिकॉर्न प्रकरण : १९८१ मध्ये वॉशिंग्टनहून आलेला हेन्री रोलिन्स हा ब्लॅक फ्लॅगचा गायक झाला व वाद्यवृंदाने ‘डॅमेज्ड’ ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका तयार केली. अधिक व्यापक वितरण मिळावे म्हणून एसएसटीने युनिकॉर्न या कंपनीशी करार केला. युनिकॉर्नचे वितरण एमसीए या बलाढ्य समूहाकडे होते. तबकड्या तयार झाल्यानंतर एमसीएच्या एका अधिकाऱ्याने ही मुद्रिका पालकांच्या विरोधात जाणारी असल्याचे सांगून तिचे वितरण नाकारले. तेव्हा हेच विधान छापलेल्या चिठ्ठ्या वेष्टनावरील एमसीएच्या चिन्हावर चिकटवून मुद्रिका विक्रीस काढण्यात आली. नकाराचेच जाहिरातीत रूपांतर करण्याची ही युक्ती त्या काळी बरीच गाजली.

पण यानंतरचा प्रसंग गंभीर होता. देय रकमेवरून एसएसटी व युनिकॉर्न यांच्यात दावे-प्रतिदावे सुरू झाले आणि ब्लॅक फ्लॅगने या नावाने नवे संगीत प्रकाशित करू नये, असा मनाई हुकूम न्यायालयाने दिला. वाद्यवृंदाच्या हाती स्वतःचे नावही राहिले नाही. त्यावर उपाय म्हणून १९७८ ते १९८१ या काळातील अप्रकाशित मुद्रणांचा ‘एव्हरीथिंग वेंट ब्लॅक’ हा संग्रह काढण्यात आला. त्याच्या वेष्टनावर वाद्यवृंदाचे नाव न देता फक्त वादकांची नावे छापली होती. तथापि न्यायालयाने हाही हुकुमाचा भंग मानला. जुलै १९८३ मध्ये संस्थेचे सहमालक या नात्याने गिन व डुकोव्हस्की यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल पाच दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच वर्षी युनिकॉर्नचे दिवाळे निघाल्याने हा गुंता सुटला. १९८४ मध्ये ब्लॅक फ्लॅगने ‘माय वॉर’, ‘फॅमिली मॅन’ व ‘स्लिप इट इन’ अशा तीन दीर्घ मुद्रिका व त्यांखेरीज एक प्रत्यक्ष मैफलीचे मुद्रण प्रकाशित करून जणू गमावलेल्या वर्षांची भरपाई केली. आपल्या संगीताची सूत्रे परक्या कंपनीच्या हाती देऊ नयेत, हा या प्रकरणाचा धडा होता. तो गिनने चांगलाच लक्षात ठेवला. मात्र ती सूत्रे आपल्या हातून इतर वादकांकडे सोपविण्याच्या बाबतीत त्याने तशी उदारता दाखविली नाही, असे पुढील घटनांवरून म्हणावे लागते.

१९८४ चे वर्ष : एसएसटीच्या इतिहासातील हे सर्वांत फलदायी वर्ष समजले जाते. मिनेसोटा राज्यातील ‘हूस्कर डू’ या त्रयीने ऑक्टोबर १९८३ मध्ये ‘झेन आर्केड’ ही दोन तबकड्यांची मुद्रिका एकंदर सुमारे ८५ तासांत व ३,२०० डॉलर खर्चात पूर्ण केली. घर सोडून गेलेल्या एका तरुणाच्या कथेभोवती तिची रचना केली असून तीत द्रुत पंकबरोबरच ध्वनिवेधक गिटार (अकूस्टिक), पियानो, उलट फिरविलेल्या फिती व सुमारे चौदा मिनिटांचे एक वाद्यसंगीत आढळते. हे ऐकून मिनिटमेननेही आपली मुद्रिका दुप्पट लांबीची करण्याचे ठरविले व सुमारे १,१०० डॉलर खर्चात चाळीसहून अधिक छोट्या गीतांची ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ सिद्ध केली. तीत पंक, फंक, जॅझ व लोकगीत यांचे घटक सहजपणे एकत्र आले आहेत. जुलै १९८४ मध्ये दोन्ही मुद्रिका एकाच वेळी प्रकाशित झाल्या. ॲरिझोना राज्यातील कर्टिस व क्रिस कर्कवुड या बंधूंच्या ‘मीट पपेट्स’ या वाद्यवृंदाची दुसरी दीर्घ मुद्रिकाही याच वर्षीची; पंक आणि ग्रामीण ‘कंट्री’ संगीत यांचा अनपेक्षित मिलाफ तीत दिसतो.

या यशाने संस्थेच्या मर्यादाही उघड केल्या. सावधगिरीच्या धोरणामुळे ‘झेन आर्केड’च्या पहिल्या खेपेत ३,५०० ते ५,००० यांच्या दरम्यानच प्रती काढल्या गेल्या व त्या लगेच संपल्या. वाद्यवृंद दौऱ्यावर असताना दुकानांत मात्र मुद्रिका कित्येक आठवडे मिळत नव्हती. स्वतंत्र संस्थेची आर्थिक अडचण येथे स्पष्ट होते. तबकड्या काढण्याचा खर्च आधी करावा लागतो, तर वितरकाकडून पैसे कित्येक महिन्यांनी येतात. पुष्कळदा पुढील लोकप्रिय मुद्रिका हाती पडेपर्यंत वितरक मागील बाकी चुकती करीत नाही. त्यामुळे अपयशापेक्षा अनपेक्षित यशच लहान प्रकाशकाला अधिक पेचात टाकते.

जड व प्रयोगशील संगीत : एसएसटीचा लौकिक केवळ पंकपुरता मर्यादित नव्हता. ‘माय वॉर’च्या दुसऱ्या बाजूवरील तीन दीर्घ गीते मुद्दाम अतिविलंबित लयीत बांधली आहेत. वेगालाच शौर्य मानणाऱ्या श्रोत्यांना ती रुचली नाहीत. परंतु ‘मेल्व्हिन्स’सारख्या वाद्यवृंदांनी हा धागा उचलला व त्यातून पुढे ‘स्लज’ हा जड रॉकचा उपप्रकार विकसित झाला. १९८४ मध्येच एसएसटीने लॉस अँजेल्सच्या ‘सेंट व्हायटस’ या वाद्यवृंदाची पहिली मुद्रिका काढली. पंकचे श्रोते तिला संथ म्हणत आणि हेवी मेटलचे श्रोते तिला जुनाट मानीत. आज मात्र ‘डूम मेटल’ या शैलीच्या आद्य कृतींत तिची गणना होते. एकाच छत्राखाली अतिद्रुत व अतिविलंबित संगीत नांदू शकते, हे संस्थेने दाखविले.

गिनचा स्वतःचा कल दिवसेंदिवस स्वरचौकट मोडणाऱ्या, जॅझच्या मुक्त वादनाकडे झुकणाऱ्या संगीताकडे होता. ब्लॅक फ्लॅगची ‘द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट’ (१९८५) ही संपूर्णपणे वाद्यसंगीताची मुद्रिका, तसेच ‘गॉन’ व ‘ऑक्टोबर फॅक्शन’ हे त्याचे अन्य उपक्रम यांत हा कल दिसून येतो. ‘सॅकरिन ट्रस्ट’, हेन्री कायझर, एलियट शार्प अशा प्रयोगशील वादकांच्या मुद्रिकाही एसएसटीने काढल्या. व्यापारी हिशोबाने ज्यांना कधीच जागा मिळाली नसती, असे हे संगीत होते.

१९८५ च्या अखेरीस संस्थेला दोन धक्के बसले. हूस्कर डूने वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या कंपनीशी करार केला आणि २२ डिसेंबर रोजी ॲरिझोनाच्या वाळवंटात झालेल्या वाहन-अपघातात मिनिटमेनचा गायक व गिटारवादक डी. बून याचा वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू झाला. १९८६ मध्ये खुद्द ब्लॅक फ्लॅगचेही विसर्जन झाले. तरीही संस्थेचा आवाका वाढतच गेला. न्यूयॉर्कच्या ‘सॉनिक यूथ’च्या ‘ईव्हॉल’ (१९८६) व ‘सिस्टर’ (१९८७), ‘बॅड ब्रेन्स’ची ‘आय अगेन्स्ट आय’ (१९८६), मॅसॅचूसेट्स राज्यातील ‘डायनोसॉर ज्युनिअर’च्या ‘यू आर लिव्हिंग ऑल ओव्हर मी’ (१९८७) व ‘बग’ (१९८८), आणि सिॲटलच्या ‘साउंडगार्डन’ची ‘अल्ट्रामेगा ओके’ (१९८८) या महत्त्वाच्या मुद्रिका याच काळात प्रकाशित झाल्या. यांपैकी शेवटच्या मुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. मिनिटमेनने १९८० मध्ये काढलेली ‘न्यू अलायन्स’ ही संस्थाही १९८७ मध्ये एसएसटीने विकत घेतली.

उतरती कळा : या विस्तारातच ऱ्हासाची बीजे होती. एकट्या १९८७ मध्ये संस्थेने ऐंशीहून अधिक मुद्रिका काढल्या. मोठ्या कंपनीलाही इतक्या मुद्रिकांकडे लक्ष पुरविणे अवघड गेले असते. गुणवत्तेची निवड सैल झाली, दुकानदार गोंधळले आणि नव्या मुद्रिकांवर गुंतविलेल्या पैशामुळे जुन्यांचे हिशोब रेंगाळले, अशी टीका समकालीनांनी केली. आपणास स्वामित्वधनाचे हिशोब वेळेवर व पूर्णपणे मिळत नाहीत, अशी तक्रार अनेक वाद्यवृंद करू लागले. सॉनिक यूथ १९८७ नंतर व डायनोसॉर ज्युनिअर १९८८ नंतरच्या अल्पावधीत अन्य कंपन्यांकडे गेले. काही कलावंतांनी थकबाकीसाठी व मूळ फिती परत मिळविण्यासाठी कायद्याचा आश्रय घेतला. सॉनिक यूथच्या मुद्रिका १९९४ मध्ये, मीट पपेट्सच्या १९९९ मध्ये, डायनोसॉर ज्युनिअरच्या २००५ मध्ये, तर साउंडगार्डनची २०१७ मध्ये अन्य संस्थांमार्फत पुन्हा प्रकाशित झाल्या. हूस्कर डूची १९८३–८५ या वर्षांतील व मिनिटमेनची बहुतेक मुद्रणे मात्र एसएसटीकडेच राहिली. २०१७ मध्ये हूस्कर डूच्या आरंभकाळाचा बृहत्‌संग्रह अन्य संस्थेने काढला, तेव्हा त्यात एसएसटीपूर्व वर्षांतील मुद्रणेच समाविष्ट होती.

निगेटिव्हलँड प्रकरण : १९९१ मध्ये ‘निगेटिव्हलँड’ या ध्वनिचिकटचित्रे करणाऱ्या कॅलिफोर्नियातील गटाची ‘यू२’ ही छोटी मुद्रिका एसएसटीने प्रकाशित केली. आयर्लंडच्या जगप्रसिद्ध यू२ वाद्यवृंदाच्या एका गीताचे अंश आणि एका नामवंत नभोवाणी-निवेदकाचे अप्रसारित, तिखट उद्गार यांची तीत विनोदी गुंफण केली होती. वेष्टनावरील ‘यू२’ या ठळक अक्षरांमुळे ग्राहकांची फसगत होईल व मुद्रणहक्काचा भंग झाला आहे, असा दावा यू२च्या प्रकाशकांनी केला. मुद्रिका परत घेऊन नष्ट करावी लागली. खर्चाचा भार कोणी सोसावा, यावरून नंतर एसएसटी व निगेटिव्हलँड यांच्यात वाद पेटला. करारानुसार ही जबाबदारी कलावंतांची आहे, अशी संस्थेची भूमिका होती. तर संकटकाळी प्रकाशकाने कलावंताच्या पाठीशी उभे राहावे, असे गटाचे म्हणणे होते. गटाने या प्रकरणाची कागदपत्रे पुस्तिकेच्या रूपाने छापताच संस्थेने त्यांच्यावर दावा लावला. अखेर उभयतांत तडजोड झाली. १९९५ मध्ये गटाने हा सर्व वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या ध्वनीचा कलेत कितपत वापर करता येईल, या प्रश्नाच्या चर्चेत या प्रकरणाचा उल्लेख आजही केला जातो. दहा वर्षांपूर्वी बलाढ्य कंपनीविरुद्ध तुरुंगात गेलेला प्रकाशक या वेळी कराराच्या कलमांचा आधार घेऊन कलावंतांसमोर उभा होता, ही यातील विसंगती अनेकांना जाणवली.

उत्तरकाल : १९९० नंतरच्या दशकात संस्थेचे नवे प्रकाशन मंदावले व त्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ थांबले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी गिनने टेक्सस राज्यात स्थलांतर केले व मुख्यत्वे स्वतःच्या नव्या वाद्यवृंदांसाठी संस्थेचा उपयोग केला. २०१३ मध्ये ब्लॅक फ्लॅगच्या माजी सदस्यांचा एक गट ‘फ्लॅग’ या नावाने जुनी गीते सादर करू लागला, तेव्हा नाव व बोधचिन्ह यांच्या हक्कांवरून एसएसटीने न्यायालयात धाव घेतली. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम देण्याचे नाकारले. तीस वर्षांपूर्वी ज्या नावाच्या वापरास बंदी झाल्याने गिन व डुकोव्हस्की एकत्र तुरुंगात गेले होते, त्याच नावावरून आता ते परस्परविरोधी पक्षांत होते.

मूल्यमापन : एसएसटीचे कार्य दोन स्वतंत्र कसोट्यांवर पारखावे लागते. संगीताच्या इतिहासात तिचे स्थान निर्विवाद आहे. १९९० नंतर ‘ऑल्टरनेटिव्ह’ या नावाने जो रॉक जगभर लोकप्रिय झाला, त्याचा पाया घालणाऱ्या कृतींपैकी बऱ्याच तिने प्रकाशित केल्या. नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘निर्वाणा’ या वाद्यवृंदाने दूरचित्रवाणीवरील आपल्या प्रसिद्ध मैफलीत मीट पपेट्सची तीन गीते, कर्कवुड बंधूंना सोबत घेऊन, सादर केली. ती तिन्ही एसएसटीच्या १९८४ च्या मुद्रिकेतील होती. मायकेल अझेराड या लेखकाने १९८१–९१ या काळातील स्वतंत्र रॉकचा इतिहास तेरा वाद्यवृंदांच्या आधारे लिहिला (२००१). त्यांपैकी पाच वाद्यवृंद एसएसटीसाठी वाजविले होते.

संस्था म्हणून मात्र तिचा दाखला संमिश्र आहे. संगीतकार हाच मालक असला, की कलावंताचे शोषण आपोआप थांबते, ही समजूत एसएसटीच्या अनुभवाने खोटी ठरविली. मालक वादक असला, तरी इतर वादकांशी त्याचे नाते प्रकाशकाचेच राहते. हिशोब पारदर्शक नसले व मूळ फितींची मालकी एकाच हाती राहिली, तर जुन्या व्यवस्थेचेच दोष लहान प्रमाणावर पुन्हा उद्भवतात. ऑल्टरनेटिव्ह टेंटॅकल्सच्या बाबतीतही असेच घडले. तिचा संचालक जेलो बियाफ्रा याच्यावर त्याच्याच ‘डेड केनेडीज’ या वाद्यवृंदातील सहकाऱ्यांनी स्वामित्वधनासाठी दावा लावला व २००० मध्ये ज्यूरीने सहकाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. याउलट डिस्कॉर्डने खर्च वजा जाता उरलेला नफा वाद्यवृंदांशी वाटून घेण्याची पद्धत लेखी कराराविना दीर्घकाळ पाळली; मात्र तिने आपले क्षेत्र वॉशिंग्टन परिसरापुरते मर्यादित ठेवले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

पुढील पिढीतील संगीतकारांनी या दोन्ही अनुभवांतून बोध घेतला. ‘हायड्रा हेड’ (१९९३), ‘सदर्न लॉर्ड’ (१९९८) व ‘इपिकॅक’ (१९९९) या जड व प्रयोगशील रॉकला वाहिलेल्या संस्था वादकांनीच स्थापन केल्या वा त्यांच्या सहभागाने उभ्या राहिल्या. त्यांपैकी माइक पॅटन या गायकाच्या इपिकॅकने कलावंताला दीर्घ मुदतीच्या बंधनात न अडकविता एकेका मुद्रिकेपुरताच करार करण्याचे धोरण स्वीकारले. विलंबित लय, प्रचंड ध्वनिभार व मुक्त प्रयोग यांना एकत्र आणणारी एसएसटीची दृष्टी या संस्थांत टिकून राहिली. आणि कोणते करार करू नयेत, हेही त्यांना एसएसटीच्याच इतिहासाने शिकविले. बारा वर्षांच्या एका मुलाने जुन्या रेडिओ-सामग्रीच्या विक्रीसाठी योजिलेले नाव अशा प्रकारे स्वतंत्र संगीत-प्रकाशनाच्या सामर्थ्याचे आणि त्याच्या उणिवांचेही निदर्शक बनले.